कौटुंबिक समुपदेशक व्हायचंय: नाशिकमध्ये राहून पदव्युत्तर शिक्षण कसं निवडावं आणि कसं पुरं करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालंय, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात नोकरी आहे आणि कौटुंबिक समुपदेशक व्हायचंय. समोर दोन पर्याय आहेत. एक, सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा, ज्याची जाहिरात ‘प्रमाणित समुपदेशक बना’ असं म्हणते. दुसरा, दोन वर्षांचं एम.ए. नाशिक न सोडता हे जमेल का, आणि कशाने लोकांसमोर जबाबदारीने बसता येईल?

डिप्लोमाच्या भरवशावर कुणाच्या घरातल्या भांडणात बसू नका, हे आधी सांगून टाकू. पण एम.ए. झालं म्हणजे समुपदेशक झालो, असंही नाही. कोणताही अभ्यासक्रम तपासताना दोनच गोष्टी आधी विचारा: खऱ्या माणसांसमोर किती तास बसायला मिळेल, आणि त्या तासांबद्दल तुमच्याशी नेमाने कोण बोलेल? बाकी सगळं पुस्तकातून, परीक्षेतून, उशिरा का होईना, भरून काढता येतं. हे दोन भरून निघत नाहीत.

तुलनेसाठी एक माप देतो. अमेरिकेत समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देणारी काक्रेप नावाची संस्था आहे. तिच्या निकषांप्रमाणे विद्यार्थ्याला आधी १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा प्रत्यक्ष सराव, करावा लागतो, त्यातले किमान ४० तास थेट क्लायंटसमोर. मग ६०० तासांची इंटर्नशिप, त्यात थेट काम किमान २४० तास. या सगळ्या काळात दर आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक किंवा दोघांत मिळून पर्यवेक्षण (अनुभवी समुपदेशकाने तुमचं काम तपासून त्याबद्दल बोलणं) आणि दीड तास गटातलं पर्यवेक्षण. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातलं दोन वर्षांचं एम.ए. साधारण ८८ श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं) झालं. त्यात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला ४ श्रेयांक, म्हणजे सुमारे १२० तास. हे १२० तासही क्लायंटसमोरचे असतील असं नाही. शाळेत चाचण्या वाटणं, रुग्णालयात केसपेपर भरणं, जागृती दिनाचं व्याख्यान ठेवणं यातही ते संपतात. म्हणजे पदवी हातात पडेल, पण एकाही माणसाशी सलग सहा सेशन केलेली नसतील, ही शक्यता खरी आहे. तुमचं सगळं नियोजन ही दरी भरण्यासाठी हवं.

आता कायद्याची बाजू, कारण जाहिराती इथेच दिशाभूल करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याखाली नोंदणी होणारी वेगळी पात्रता आहे. साधं एम.ए. करून ती पाटी लावता येत नाही. त्या वाटेवरचं एम.फिल. विद्यापीठ अनुदान आयोगाने फक्त २०२५-२६ पर्यंतच वैध ठेवलं होतं. तिकडे जायचं असेल तर परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची चालू यादी पाहूनच पाऊल टाका. समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकार समाजकार्य करणारे यांना २०२१ च्या राष्ट्रीय सहबद्ध आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने वर्तनविषयक आरोग्य या गटात घेतलं आहे. थोडक्यात, आज तुम्ही घेतलेलं शिक्षण उद्या नोंदणीच्या वेळी तपासलं जाणार आहे. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र तिथे उभं राहील, असं गृहीत धरू नका.

याच कायद्याचा एक परिणाम नाशिककरांना जास्त जाणवेल. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्या शहराला लागून आहे, इग्नूही परिचयाचं आहे, त्यामुळे नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने एम.ए. मानसशास्त्र करू हा विचार इथे पहिला येतो. पण अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून, या कायद्याखाली येणाऱ्या विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले, आणि त्यात मानसशास्त्र आहे. आधी प्रवेश घेतलेल्यांचा प्रश्न वेगळा. तुम्ही नव्याने जाणार, म्हणून नियमित वर्गाचाच विचार करा. कुणी आजही ‘ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी, घरबसल्या’ विकत असेल तर त्यांच्याकडे अनुदान आयोगाचं चालू सत्राचं परवानगीपत्र मागा.

दुसरी वाट बरेच जण पाहतच नाहीत: एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशकाचं पद असतं, आणि त्याच्या जाहिरातीत सहसा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि कौटुंबिक समुपदेशनाचा अनुभव मागितलेला असतो. पोलीस ठाण्यांशी जोडलेल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षांची सुरुवात १९८४ मध्ये मुंबईत झाली तीही टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने, आणि तिथलं कामही समाजकार्याच्या अंगाने चालतं. तुम्हाला न्यायालय, महिला कक्ष, कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी पाहणारे संरक्षण अधिकारी या वर्तुळात काम करायचं असेल तर एम.एस.डब्ल्यू. जास्त सरळ पडेल. क्षेत्रकार्य अभ्यासक्रमाचाच भाग असतं, आठवड्याचे ठरावीक दिवस संस्थेत जावं लागतं. शहरात मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक समाज या शिक्षणसंस्थेचं) समाजकार्य महाविद्यालय आहे, तिथे जाऊन क्षेत्रकार्याच्या संस्थांची यादी बघा. उलट चिंता, नैराश्य, जोडप्यांसोबतचं दीर्घ काम, चाचण्या, हे ओढत असेल तर एम.ए. त्यातही समुपदेशन हा विशेष विषय असलेलं. नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो, तेव्हा त्याच्याशी संलग्न, स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयांत अभ्यासक्रमाचा सांगाडा तोच. फरक पडतो तो विभागात शिकवणाऱ्यांमुळे.

म्हणून विभागात जाऊन चौकशी करा, फोनवर नको. विचारायचं ते असं: शिकवणाऱ्यांपैकी आज स्वतः क्लायंट पाहणारे किती आहेत? मागच्या तुकडीतले विद्यार्थी प्रत्यक्ष कामासाठी कुठे गेले, आणि तिथे त्यांनी नक्की काय केलं? कौशल्यांचा सराव ध्वनिमुद्रित होतो का, आणि ती मुद्रणं कोण ऐकतं? दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशीही बाहेर चहाला बसा. ‘तू स्वतः किती लोकांशी बोललीस?’ या प्रश्नाला आकड्यात उत्तर आलं नाही तर काय ते समजून घ्या.

नोकरीचं काय? नियमित एम.ए.ला हजेरी लागते, कंपनीतली पूर्ण वेळेची पाळी आणि हे एकत्र चालत नाही. वेळापत्रक हातात आल्यावर अर्धवेळ काम शोधणं हाच प्रामाणिक मार्ग. आणखी एक सावधगिरी तुमच्या सध्याच्या खुर्चीबद्दल. मनुष्यबळ विभागात बसून त्याच कंपनीतल्या लोकांचं समुपदेशन करू नका, सरावासाठीसुद्धा नको. ज्याची पगारवाढ, बदली, चौकशी तुमच्या टेबलावरून जाते, तो माणूस दारूबद्दल किंवा घरच्या मारहाणीबद्दल मोकळं बोलू शकत नाही. बोललाच, तर ती माहिती तुमच्या दोन भूमिकांमध्ये अडकते. त्याला ऐकून घ्या आणि बाहेरच्या समुपदेशकाचा पत्ता द्या.

आता शिकायचं काय, आणि कसं. पहिल्या सत्रातच त्रिकुटाचा सराव सुरू करा: एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. वीस मिनिटं संभाषण, दहा मिनिटं निरीक्षकाचं बोलणं, मग भूमिका बदला. क्लायंट झालेल्याने खरीच पण छोटी अडचण आणावी. रचलेल्या दुःखाला माणूस जसा प्रतिसाद देतो तो शिकण्यासारखा नसतो. संभाषण मोबाइलवर मुद्रित करा आणि त्यातली दहा मिनिटं शब्दशः लिहून काढा. वही तीन रकान्यांची: समोरच्याने काय म्हटलं, मी काय म्हटलं, त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं. हे लिहिणं कंटाळवाणं असतं आणि म्हणूनच टाळलं जातं. पण नवशिक्यांच्या ठरलेल्या चुका इथेच दिसतात. ‘का’ने सुरू होणारे एकामागून एक प्रश्न. पाचव्या मिनिटाला सल्ला. समोरचा रडू लागला की ‘होईल सगळं नीट’ म्हणून घाईने झाकण टाकणं. शांतता चार सेकंदांच्या वर गेली की काहीतरी बोलून ती मोडणं. या चुका वाचून सुटत नाहीत. दहा-बारा वेळा स्वतःच्या हाताने लिहिल्या की सेशनमध्ये तोंड उघडण्याआधी आठवू लागतात.

पुस्तकं इंग्रजीत आणि माणसं मराठीत, या अडचणीवर विभागात फार कमी बोललं जातं. नैराश्य आलेला दिंडोरीचा शेतकरी ‘मला उदास वाटतं’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो डोकं जड झालंय, कशात जीव लागत नाही, अंगात त्राण नाही, रात्री दोनला डोळा उघडतो. बाई म्हणते छातीत धडधडतं, घास उतरत नाही, किंवा कुणीतरी केलंय. सटाणा-मालेगावकडे हेच अहिराणीत येईल. या तक्रारींची स्वतःची यादी ठेवा आणि प्रत्येकीपुढे पुढचा प्रश्न मराठीत लिहून ठेवा. ‘बाहेरचं झालंय’ म्हणणाऱ्याला खोडून काढू नका. ‘हे कधीपासून वाटतंय, त्याआधी घरात काय झालं होतं, त्यावर आजवर काय काय केलं’ एवढं विचारलं की बहुतेक इतिहास हाती येतो.

कौटुंबिक काम हे वैयक्तिक समुपदेशनाची मोठी आवृत्ती नाही, त्याला वेगळी तयारी लागते. सुरुवात जेनोग्रामपासून करा. तीन पिढ्या एका कागदावर: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्यावर फुली, घट्ट नात्याला दुहेरी रेघ, भांडणाला नागमोडी. शेजारी लग्नाची, वाटणीची, मोठ्या आजारपणाची, शहरात आल्याची वर्षं. चाळीस मिनिटं लागतात. सासू-सुनेचं भांडण म्हणून आलेल्या घरात तीन वर्षांपूर्वी जमिनीची वाटणी झाली आणि तेव्हापासून दोन भाऊ बोलत नाहीत, हे अशा कागदावर दिसतं, तक्रारीत दिसत नाही. आधी स्वतःच्या घराचा काढा, पर्यवेक्षकासमोर ठेवा. आपण कोणाची बाजू घाईने घेतो ते तिथेच कळतं. ज्याच्या घरात बापाचा धाक होता तो पुढे प्रत्येक बापाशी भांडत राहतो, आणि त्याला ते कळतही नाही.

जोडप्याच्या पहिल्या भेटीची एक रचना शिकून घ्या: वीस मिनिटं दोघं एकत्र, मग प्रत्येकाशी वीस मिनिटं एकटं, शेवटी दहा-पंधरा मिनिटं पुन्हा एकत्र. एकट्याशी बोलण्याचं मुख्य कारण मारहाण आणि धमकी. ‘भांडण वाढलं की काय होतं? कुणाचा हात उठतो का? घरी जायची भीती वाटते का?’ हे नवऱ्यासमोर विचारलं तर खरं उत्तर येणार नाही, आणि आलं तर त्याची किंमत ती घरी जाऊन मोजेल. चालू हिंसा असेल तर एकत्र सेशन थांबवायची. तेव्हा काम सुरक्षिततेचं असतं: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, १८१ ही हेल्पलाइन, राहायची जागा, कागदपत्रं. ‘संसार वाचवा’ हा दबाव नातेवाइकांकडून येतो, गावच्या मानकऱ्यांकडून येतो, कधी तर संस्थेच्या अहवालातल्या ‘तडजोड झाली’ या रकान्याकडूनही. तडजोडींची संख्या वाढवणं हे समुपदेशकाचं काम नव्हे. शिकाऊ काळात ज्या संस्थेत जाल तिथे हा रकाना कसा भरला जातो, ते पाहा.

एकट्याने सांगितलेलं गुपित जोडीदारापासून लपवायचं का, याचं उत्तर पहिल्या भेटीतच, दोघांसमोर, लेखी संमतिपत्रासकट द्या. हा नियम नंतर ठरवायला गेलात तर तुमच्याकडे एकाचं विवाहबाह्य नातं माहीत असलेलं आणि दुसऱ्याला न सांगता येणारं, असं ओझं येतं. मग त्या केसमध्ये तुम्ही काहीच करू शकत नाही.

धोक्याची तपासणी पहिल्या क्लायंटआधी यायला हवी. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी, मागच्या दोन आठवड्यांबद्दलच्या नऊ प्रश्नांची चाचणी. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त गुण आले की सविस्तर तपासणी आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवण्याचा विचार. पण नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. एकूण गुण सहाच आले आणि नवव्याला शून्याहून काहीही असलं, तरी तिथे थांबून विचारायचं. शब्द सरळ वापरा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का? ते साधन घरात आहे का? याआधी कधी प्रयत्न झालाय का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, आणि ती मोडेपर्यंत हे चार प्रश्न वर्गात मोठ्याने म्हणायचा सराव करा. पहिल्यांदा जीभ अडखळते, ती क्लायंटसमोर अडखळू नये.

त्यानंतर सुरक्षा योजना, एका पानावर, त्याच्याच शब्दांत: धोक्याची चाहूल कशी लागते, एकट्याने काय करता येईल, कुठे गेल्याने किंवा कुणासोबत बसल्याने मन दुसरीकडे वळेल, कुणाला सांगून मदत मागता येईल, कोणत्या डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला फोन करायचा, आणि घरातलं साधन दूर कसं ठेवायचं. आपल्या जिल्ह्यात शेवटचा मुद्दा म्हणजे बहुतेक वेळा कीटकनाशक. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीची औषधं ओसरीवर उघडी असतात. ती कुलपात जावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे राहावी, हे घरातल्या माणसाला सेशनमध्ये बोलावून ठरवा, कारण तो तीव्र क्षण बहुधा थोडा वेळ टिकतो आणि त्या वेळात हाताला काय लागतं यावर जीव अवलंबून असतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, तो पानावर आधीच छापून ठेवा.

गुप्ततेची मर्यादाही पाठ हवी. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलीचं लग्न लावून दिलेलं असलं तरी ती अठराच्या आत आहे तोवर बालकच. ग्रामीण भागात काम करताना हा प्रसंग येतोच. पहिल्या दिवशी संमतिपत्र समजावतानाच हा अपवाद सांगितला नसेल, तर नंतर क्लायंटला तो विश्वासघात वाटतो.

थेट कामाचे तास मिळवायचे कुठून? पहिल्या वर्षाच्या अखेरीस, विभागप्रमुखांचं पत्र घेऊन, तीन प्रकारच्या ठिकाणी अर्ज करा: जिल्हा रुग्णालयाचा आणि आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग, महिला किंवा बालकांसाठी काम करणारी संस्था, आणि एखादं महाविद्यालय किंवा शाळा. रुग्णालयात आजार ओळखायला शिकता, कुणाला औषधाची गरज आहे ते कळतं. संस्थेत कुटुंब दिसतं. शाळेत सलग भेटी मिळतात. एकच ठिकाण मिळालं तर रुग्णालय निवडा, कारण स्किझोफ्रेनियाची सुरुवात, उन्माद किंवा थायरॉइडचा बिघाड ‘घरचा ताण’ समजून महिनोन्महिने बोलत बसणं, ही या व्यवसायातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

पर्यवेक्षणासाठी मी हे माप सुचवतो: पदवीनंतरचे पहिले दोनशे क्लायंट-तास, आणि दर पाच तासांमागे एक तास पर्यवेक्षण. आठवड्याला चार सेशन धरली तर वर्ष लागेल, आणि पर्यवेक्षणाचे तास होतील चाळीस. पर्यवेक्षक नाशिकमध्येच असायला हवा असं नाही. दर आठवड्याला ऑनलाइन आणि महिन्यातून एकदा पंचवटी एक्सप्रेसने ठाणे-दादर गाठून समोरासमोर, असंही चालतं. शुल्क, रद्द करण्याचा नियम आणि अडीअडचणीला फोन कधी करायचा हे आधी ठरवा. जाताना ‘केस कशी चाललीय’ सांगायला जाऊ नका. क्लायंटच्या लेखी संमतीने केलेलं मुद्रण, त्यातली अडलेली पाच मिनिटं आणि एक प्रश्न घेऊन जा. जो पर्यवेक्षक कधीच मुद्रण मागत नाही तो फक्त तुमची गोष्ट ऐकतोय, काम पाहत नाहीये. स्वतः क्लायंट म्हणूनही दहा-पंधरा सेशन घ्या, मात्र ती पर्यवेक्षकाकडे घेऊ नका. जो तुमचं काम तपासतो त्याच्यासमोर मन मोकळं करता येत नाही.

या दोनशे तासांत एकच पद्धत नीट शिका. विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या पद्धतीची मांडणी मराठीत सोपी पडते आणि महाराष्ट्रात त्यातल्या आरईबीटीची (विवेकनिष्ठ विचार-वर्तन उपचारपद्धतीची) परंपराही जुनी आहे, म्हणून बहुतेकांना मी तिथून सुरुवात करायला सांगतो. दर शनिवार-रविवारी नव्या थेरपीचं प्रमाणपत्र गोळा करणाऱ्यांना सेशन अडलं की साधन बदलायची सवय लागते, आणि अडलेल्या जागी थांबून काय चाललंय ते पाहणं राहून जातं.

स्वतःची खोली या तासांनंतरच घ्या. घेताना भाड्याआधी भिंत तपासा: आत दोघांनी नेहमीच्या आवाजात बोलायचं आणि बाहेर तिसऱ्याने बाकावर बसून ऐकायचं. शब्द ऐकू आले तर ती जागा सोडा, कॉलेज रोडवर कितीही मोक्याची असली तरी. नोंदी कुलपात ठेवा, दर सेशनला पाच-सात ओळी त्याच दिवशी लिहा, आणि नाव वेगळ्या वहीत, क्रमांकाने. टेबलाच्या खणात एक कागद पहिल्या दिवसापासून हवा: दोन मनोविकारतज्ज्ञ, जवळचं आपत्कालीन रुग्णालय, संरक्षण अधिकारी, बालकांसाठीचा १०९८, आणि कौटुंबिक कायदा जाणणारा एक वकील. या प्रत्येकाला आधी एकदा प्रत्यक्ष भेटून या, म्हणजे रात्री नऊला फोन करायची वेळ आली तर पलीकडच्याला तुमचं नाव ठाऊक असेल.